कोचीच्या धक्क्यावरचा डबा

क्रूझचं नाव काढू नका यार. मी नुसती तारीख बघून बुकिंग केलं आणि बाबांच्या वर्षश्राद्धाची तिथी नेमकी जहाजावर आली.

आईने टेबलावर त्यांचं वेगळं पान वाढून घेतलं. ते तसंच राहिलेलं बघून वेटर ओशाळला, "मॅम, टेस्ट ठीक नहीं है क्या?"

आईने सगळं डब्यात भरलं. म्हणाली, "कोचीला उतरल्यावर कावळ्याला ठेवू."

धक्क्यावर गार्डने अडवलं. "खाना बाहर नहीं जाएगा." डबा कचरापेटीत रिकामा करायला लावला. लगेच तिथे एक कावळा उतरला.

मी म्हटलं, "आई, बघ, शिवला!"

ती म्हणाली, "फरीदाबादच्या कारखान्यात जन्मभर गार डबा खाल्ला रे त्यांनी. आजही मी गारच वाढलं."