बाराच्या आत जोडीदार

मला संशयी म्हणता ना? मग ऐका. नव्वदच्या दशकात बंगलोरच्या एका टेनिस स्पर्धेच्या बातम्या मी पेपरला देत होतो. तिथे एक हंगेरियन आला होता, फक्त दुहेरी खेळणारा. सकाळपासून तो एकेका खेळाडूला बाजूला घेऊन कुजबुजत होता. मला फिक्सिंगचा वास आला. मी त्याला नोंदणीच्या टेबलासमोरच अडवलं.

“काय शिजतंय?”

“माझा जोडीदार आजारी पडून घरी गेला. नवा आत्ताच मिळालाय. बाराच्या आत नावं द्यायचीत, जाऊ द्या.”

“आधी सांग, कुणाकुणाशी बोललास?”

बिचाऱ्यानं सगळी नावं सांगितली. मी स्पेलिंगसकट लिहून घेतली. तेवढ्यात टेबलामागच्या कारकुनानं वही मिटून हंगेरियनला सांगितलं,

“बारा वाजले, अण्णा. यादी बंद.”

हंगेरियन माझ्याकडे वळला. “आता हेही लिहा. स्पर्धेबाहेर. कारण, पत्रकार.”