लार्ज कुठून आला

अगं, मी सहसा कुणावर चिडत नाही, पण परवा माझ्या लक्ष्मीच्या शुक्रवारांच्या उद्यापनाला जे झालं, ते आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो. बालाजी घाटावरच्या विमलकाकूंना सवाष्ण म्हणून बोलावलं होतं. सवाष्ण त्या दिवशी देवीच, ती जेवल्याशिवाय व्रत काही पुरं होत नाही. काकू पाटावर बसतात न बसतात तोच त्यांना द्यायचा तयार ब्लाउज माझ्या थोरल्या जाऊबाईंनी उचलला आणि त्यावरची चिठ्ठी मोठ्याने वाचली, "लार्ज! हा काकूंच्या दंडालासुद्धा पुरायचा नाही."

काकू ताडकन उठल्या. "येते मी."

माझी मुलगी कॉलेजात इंग्रजी शिकवते. ती बिचारी मध्ये पडली. "काकू, लार्ज हा शब्द मूळचा लॅटिन. तेव्हा त्याचा अर्थ सढळ हाताचा, उदार असा होता. अंगाचं माप त्याला मागाहून चिकटलं."

"आला असेल लॅटिनमधून, बेटा," काकू म्हणाल्या. "मी तर तो आत्ता यांच्या तोंडातून येताना पाहिला."

मग मात्र मला राहवेना. पाय धुवायचा तांब्या मी जाऊबाईंच्याच हातात दिला. म्हटलं, "जाऊबाई, माझ्या घरातून देवी उपाशी चालली आहे. आता तुम्हीच बसवा तिला."

जाऊबाई परातीपुढे वाकल्या. काकू पुन्हा पाटावर टेकल्या, दोन्ही पाय परातीत ठेवले आणि म्हणाल्या, "सावकाश धुवा. मला काही जल्दी नाही."