रंधा मारलेला शिक्का

(कुंडलजवळच्या एका गावातली अंगणवाडी. सकाळचे साडेनऊ. मंगल इथली सेविका, धनाजी ग्रामपंचायतीचा सदस्य, पप्पू सुतार. खोलीत सहा नवे बाक, दारात लाल फीत.)

धनाजी : आगं, नव्या लाकडाला वास यायचाच. त्याला काय अत्तर लावून देऊ?

मंगल : नवं कुठलं, भाऊ? कंपनीनं माल ठिवून ठिवून टाकल्यालं लाकडी पॅलेट फोडून केल्यात ते. भंगारवाला उचलंना, म्हणून अंगणवाडीला दिलं.

धनाजी : दिलं न्हवं? फुकट दिलं. अकरा वाजता कंपनीचं सायेब फीत कापायला येणार, पेपरवाला येणार, आन् तू काल सांजच्यापासनं फोन करून माझं डोकं खातीयास. पप्पू, आलाईस तर सांग की हिला.

पप्पू : मी काय सांगू? मी सुतार.

मंगल : सुतार हायेस म्हणूनच बोलीवलंय. ह्यो तिसरा बाक हुंग. पत्र्याला ऊन लागलं की खोलीत उभं ऱ्हावत न्हाई.

पप्पू : ...येतोय. औषधासारखा.

धनाजी : औषधाचा वास हितं कुणाला नवा हाय रं? सकाळी बागेत औषध मारायचं आन् दुपारी त्याच हातानं भाकरी मोडायची. बावन्न वर्सं झाली मला. काय झालं?

मंगल : तुमी बाक चावत न्हाईसा, भाऊ.

धनाजी : म्हंजे?

मंगल : तीन-तीन वर्सांची पोरं हायेत माझी. एक पाटी चाटतंय, एक खडू खातंय. बाकावर बसवलं की पुढच्या कडेवर तोंड टेकून चघळत बसणार. माझा भाऊ अवधूत द्राक्षाच्या पॅकहाऊसला कंटेनर भरतोय, त्याला काल विचारलं. म्हणाला, आक्का, आदी लाकडावरचा शिक्का बघ. एच टी असलं तर भट्टीत तापवल्यालं. एम बी असलं तर विषारी गॅस दिल्यालं, ते पोरांजवळ आणू नगं. आन् शिक्काच नसला तर त्या लाकडावर काय झालंय ते कुणालाच ठावं न्हाई.

धनाजी : मग बघ की शिक्का. त्याला एवढं रामायण कशाला?

मंगल : शिक्का न्हाई. एकाबी बाकावर न्हाई.

धनाजी : पप्पू?

पप्पू : व्हता. रंध्यात गेला.

धनाजी : तुला रंधा मारायला कुणी सांगितलं व्हतं?

पप्पू : ताईंनी.

मंगल : व्हय, मीच. पोरांच्या मांडीत कूस जाऊ नये म्हणून. तीनदा सांगितलं ह्याला, पप्पू, हात फिरवला तर रेशीम लागलं पायजे. माझ्याच तोंडानं सांगितलं. पप्पू, तुला शिक्का दिसला न्हाई का रं?

पप्पू : दिसला की. कणसाचं चित्र आन् खाली अक्षरं. मला वाटलं कंपनीचा मार्का. मी दारं-चौकटी करणारा माणूस, मला काय कळतंय त्यातलं? रंधा मारल्यावर लाकूड कसं पांढरंशिप्पट निघालं. तुमीच म्हणालासा, झ्याक केलंस.

मंगल : म्हणाले.

धनाजी : चला, मिटलं. शिक्काच न्हाई म्हणल्यावर पुरावा न्हाई. पुरावा न्हाई तर तक्रारबी न्हाई. पप्पू, ती फीत जरा वर बांध, सायेब उंच हायेत.

मंगल : पुरावा हाय.

धनाजी : आता काय?

मंगल : फोटो हाय. आमाला ॲपला सगळ्याचा फोटो टाकावा लागतोय, भाऊ. पोराचं वजन केलं, फोटो. खिचडी वाढली, फोटो. टेम्पोतनं पॅलेट उतरलं तवाबी काढून ठिवला. पप्पू, तुझी नजर चांगली हाय. मोठं करून बघ.

पप्पू : ह्यावर कणीस हाय. एच टी. त्याच्या शेजारी... एच टी. ह्यावर काय न्हाई. ह्यावरबी न्हाई. ही दोन कोरीच. थांबा... ह्यो कडंचा. एम बी.

धनाजी : आण हिकडं. ...डाग असंल.

मंगल : दोन अक्षरं हायेत, भाऊ. सदस्य हायसा, वाचा.

धनाजी : बरं, एम बी तर एम बी. एकच हाय न्हवं? त्येवढा बाक बाजूला काढ, पाचावर भागवू.

पप्पू : कुठला बाक?

धनाजी : आरं, तू केलाईस, तुला ठावं!

पप्पू : चौदा पॅलेट फोडून मी एकच ढीग घातला. ज्या मापाची लागली ती फळी घेतली. एकेका बाकात चार-चार पॅलेटचं लाकूड बसलंय. रंधा मारल्यावर सगळं सारखंच दिसतंय, दादा.

मंगल : आन् शिक्का ऱ्हायला असता तरी काय? अवधूत म्हणाला, त्यो लाकडातल्या किड्यासाठी असतोय. वर काय सांडलं, ते त्यो सांगत न्हाई.

पप्पू : ह्या तिसऱ्याच्या एका फळीला निळा डाग व्हता. दोनदा रंधा मारला. रंग गेला, वास ऱ्हायला.

मंगल : आन् तू बोलला न्हाईस.

पप्पू : मला वाटलं शाई.

मंगल : उरल्यालं तुकडं कुठं हायेत?

पप्पू : तुमच्या मदतनीस भामाबाई घिऊन गेल्या. जळणाला.

मंगल : सिलेंडर संपलाय म्हणून परवा चूल पेटवली व्हती तिनं. खिचडी त्याच जाळावर शिजली असणार. मी स्वतः वाढली. पोरं दुसऱ्यांदा मागत व्हती.

धनाजी : हे भाईर बोलू नगं हं. सायबांपुढं तर न्हाईच.

मंगल : मी आनखी कुणापुढं बोलायचं ऱ्हायलंय? वरच्या मॅडमना फोन केला, त्या म्हणाल्या लेखी द्या. लेखी कशाचं देऊ? कंपनीच्या माणसाला म्हणलं, हे लाकूड पोरांना चालतंय असं तुमीच लिहून द्या. तर म्हणतोय, ताई, चांगल्या कामात खोडा घालू नका. तपासून घ्यायचं तर पुण्याला पाठवा म्हणतोय. अंगणवाडीचा बाक मी पुण्याला पाठवू?

धनाजी : मग त्यांचं काय चुकलं? कंपनी चांगलीच हाय.

मंगल : तुमची द्राक्षं भाईरच्या देशात जात्यात तवा पेटीखालचं लाकूड तुमी शिक्का बघून घेतासा. शिक्का नसला तर आख्खा कंटेनर माघारी येतोय. द्राक्षाखालचं लाकूड तपासायचं आन् पोरांच्या बुडाखालचं कुठलंबी चालंल?

धनाजी : आता भाषण सुरू झालं तुझं. आयक. कंपनीनं पुढच्या वर्साला कंपाउंड बांधून द्यायचं कबूल केलंय. आज तू तोंड वाकडं केलंस तर भिंत गेली. गाव मला जोड्यानं हाणील, आन् तुलाबी सोडणार न्हाई. सेविकेच्या जागेसाठी गावात धा जणी टपून बसल्यात, ते इसरू नगं.

मंगल : इसरले न्हाई. चौदा वर्सं कुणी ना कुणी आठवण करून देतंयच.

धनाजी : मी काय म्हणतो, पंधरा मिनटं. पोरं बसवायची, टाळ्या वाजवायच्या, फोटो काढायचा. गाड्या हलल्या की बाक मागच्या खोलीत. चालंल?

मंगल : गेल्या साली पाण्याचा फिल्टर असाच फोटोपुरता बसवला. नळाची जोडणी मागनं करू म्हणालासा. अजून त्यात पाणी न्हाई, भाऊ, आत पाली हायेत. हे बाक उद्या कोण काढणार? परवा नवीन मॅडम येतील आन् म्हणतील, बाक असताना पोरं खाली का बसवलीत?

धनाजी : आता कसं सांगू हिला... पंधरा मिनटांत कुणी मरतंय का?

पप्पू : मग सायबांनाच बसवा की बाकावर. पंधरा मिनटं.

धनाजी : तुला कुणी इचारलं? त्यास्नी खुर्च्या सांगितल्यात.

मंगल : ऱ्हाऊ दे, पप्पू. भाऊ म्हणत्यात तर बसवू पोरं.

धनाजी : आता कशी शाण्यासारखी बोललीस.

मंगल : मोठी पोरं मागं. पुढं बारकी, फोटोत चांगली दिसत्यात. तुमच्या शंभूराजला मधी बसवते, तिसऱ्या बाकावर. आजोबा उभं ऱ्हाणार म्हणल्यावर नातू मधीच पायजे. गोरं गुटगुटीत हाय. पेपरात उठून दिसंल.

पप्पू : दिसंल.

धनाजी : त्याला... काल रातीपासनं कणकण हाय जरा. आज घरीच ऱ्हाऊ दे त्याला.

मंगल : बाकीच्या बावीस जणांनाबी कणकण हाय, भाऊ.

पप्पू : फीत सोडू का?

धनाजी : टेम्पो हाय का रं तुझा?

पप्पू : हाय. पण न्यायचं कुठं? जाळताबी येत न्हाई ह्ये.

मंगल : ते मागनं बघू. आदी त्या टोकाला धर. पोरं यायला लागली.