खारं पाणी अन् माह्या नावाचे जार

मी वरवट बकालच्या अलीकडच्या खेड्यातला. आमच्याकडं जमिनीतलं पाणीच खारं, काय सांगू तुमाले, वरणाची डाळ शिजता शिजत नाही, पाहुणा पहिला घोट घेते अन् गिलास खाली ठेवते. म्हणून मी पाणी गोड करायचा प्लांट टाकला अन् थंड पाण्याचे जार गावभर देऊ लागलो. जार हरपू नये म्हणून प्रत्येकावर लाल ऑइलपेंटनं माहं नाव. मयतीच्या घरी मात्र दहा दिवस जार फुकट, ते कोणी बोलावल्याबिगर मी पोचवत होतो. त्याच पाण्यावर सरपंच झालो, दुसरं काही कर्तृत्व नाही बाप्पा माहं.

मंग डोक्यात हवा गेली, पंचायत समितीले उभा राह्यलो. आचारसंहिता लागली, तहसीलचा माणूस आला, म्हणे भाऊ, जारवरचं नाव झाका, कागद चिकटवला तरी भागते. पण मले तर पेपरात फोटो पाह्यजे होता, आदर्श उमेदवार म्हणून. बायको, कमल, म्हणे कागदच लावा, नाव पुसू नका. मी कुठं ऐकतो? थिनर अन् फडकं घेऊन ओट्यावर बसलो, फोटोवाल्याकडं पाहून हासत सारे जार सोलून काढले. फोटो आला, बरा आला. पडलो.

पडलो ते पडलो, जारही वापस येईनात. कोणाच्या गोठ्यात कोंबड्याईले पाणी, कोणाच्या न्हाणीत. नामदेव माहा जुना कार्यकर्ता, त्याच्या दारात जार दिसला म्हणून म्हटलं, नामदेवा, हा आपला हाये बे. तो शांतपणे म्हणे,

“भाऊ, नाव कुठं हाये त्याच्यावर?”

मी आपला नुसता चहा घेतला अन् आलो. पुढं जो निवडून आला त्यानं त्याचा प्लांट टाकला, माह्या प्लांटले कुलूप लागलं.

परवा नामदेवचा बाप वारला. आयुष्यात पह्यल्यांदा मी मयतीच्या घरी रिकाम्या हातानं गेलो. ओसरीत जार होता, निवडून आलेल्यानं फुकट धाडलेला. सुनेनं त्यातून गिलास भरून देला. जारवर थिनरनं पांढरा पडलेला डाग, अन् त्या डागावर निळ्या रंगात त्याचं नाव. पाणी गोड होतं, खोटं काऊन बोलू? सारं पेलो. पेणाऱ्याईले सुखाचं लागो.

घरी आता आमी हापशाचंच खारं पाणी आणतो. कमल म्हणते, आज वरणाले लय वेळ लागून राह्यला. मी म्हणतो लागू दे, आपल्याले कोणत्या सभेले जायचं हाये.