एक जूनला जन्मलेली माणसं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय शंकरराव. व्यासपीठावर, म्हणजे लायब्ररीची दोन टेबलं जोडून आपण जे व्यासपीठ तयार केलंय त्याच्यामागे बसलेले प्रफुल्ल आणि अपर्णावहिनी. त्यांची मुलगी, आजची सत्कारमूर्ती आणि मंगळवारची प्रवासी हर्षिता. पहिल्या रांगेत बसलेली माझी आई रमाबाई. अमेरिकेतल्या आपल्या या हर्नडनमधून आणि आसपासच्या गावांमधून आलेल्या बंधू-भगिनींनो, आणि मागे फोनमध्ये डोकं घालून बसलेल्या मुलांनो, सर्वांना सप्रेम जय भीम.

अध्यक्षांनी मला सात मिनिटं दिली आहेत. पाच वाजता हॉल रिकामा करून द्यायचा आहे आणि त्याआधी केक कापायचा आहे, हे मला दोनदा बजावलं गेलंय. पण मी आज एक गोष्ट सांगायची ठरवून आलो आहे, आणि ती सांगितल्याशिवाय मी खाली बसणार नाही. अध्यक्षमहाराज, घंटी जरा लांब ठेवा.

आज एक जून. या हॉलमध्ये आज कुणाकुणाचा वाढदिवस आहे, हात वर करा बरं. शंकरराव, एकच हात पुरे. बघा! मागच्या वर्षी मी केक कापायला उभा राहिलो, तेव्हा आपल्या जयने मला विचारलं होतं, "चंद्रशेखर काका, हाऊ कम यू ऑल हॅव द सेम बर्थडे? इज धिस अ कल्ट?" मुलांनो, कल्ट वगैरे काही नाही. आम्ही शाळेत गेलो, तेव्हा आमच्या आईबापांना आमची जन्मतारीख ठाऊक नव्हती. शाळा जूनमध्ये भरायची. गुरुजींनी वय बसवलं आणि वहीत लिहून टाकलं, एक जून. तीच तारीख मग दाखल्यावर, तीच पासपोर्टवर, तीच अमेरिकेच्या व्हिसावर. माझी आई सांगते, दीक्षाभूमीवरून ती परत आली आणि चौथ्या दिवशी माझा जन्म झाला. म्हणजे ऑक्टोबर. पण अमेरिकन सरकार विचारतं तेव्हा मी न अडखळता एक जून सांगतो. काय करणार?

आता हर्षिताबद्दल. तिचा जन्म इथल्याच हॉस्पिटलमधला, तारखेसकट, मिनिटासकट. अपर्णावहिनींनी तो कागद जपून ठेवलाय. आफ्रिकेतल्या संशोधकांना सार्वजनिक आरोग्याच्या नोंदींचं शास्त्र, ज्याला आम्ही डेटा सायन्स म्हणतो, ते शिकवणारा एक अभ्यासक्रम गेली तीन वर्षं ती इथून चालवते. मलावी, झांबिया, घाना इथले नर्स, डॉक्टर, प्राध्यापक चार-सहा तासांच्या फरकाने स्क्रीनवर भेटतात. दवाखान्यातल्या वह्यांमधून रोग कुठे वाढतोय, औषध कुठे पोचत नाही, हे शोधायला ते शिकतात. माझा धंदा आकड्यांचाच, म्हणून तिने मला परीक्षक म्हणून बोलावलं. "काका, यू आर सो गुड ॲट कॅचिंग मिस्टेक्स," असं म्हणाली. मला ते फारच आवडलं. माणसाचं नुकसान बहुतेक अशाच वाक्याने सुरू होतं.

पहिल्या वर्षाच्या शेवटी माझ्याकडे मलावीमधल्या एका बाईंचा प्रकल्प आला. त्यांचं नाव चिकोंडी. सरोवराकाठच्या एका दवाखान्यात बारा वर्षं नर्स. त्यांनी रक्तदाबाच्या दोन हजार तीनशे रुग्णांच्या नोंदी वहीतून एकटीने संगणकावर आणल्या होत्या आणि त्यातून एक गोष्ट दाखवली होती. डोंगराकडच्या म्हाताऱ्या बायका तिसऱ्या महिन्यानंतर गोळ्या बंद करतात, कारण गोळ्या मिळतात त्या दिवशी त्यांच्याकडे येणारी गाडी नसते आणि इतकं चालणं त्यांना होत नाही. गोळ्यांचा दिवस बदला, एवढीच त्यांची मागणी होती.

मी काय केलं? नोंदी तपासायचा माझा एक नियम आहे, माझा लाडका. एकाच तारखेला अपेक्षेपेक्षा फार जास्त जन्म दिसले, तर त्या नोंदी कुणीतरी घरी बसून भरल्या असं समजायचं आणि बाजूला काढायच्या. नियम चालवला. सहाशे अकरा रुग्ण निघाले, सगळे एक जुलैला जन्मलेले. मी ते काढून टाकले. त्यांच्याबरोबर डोंगराकडच्या म्हाताऱ्या बायकाही गेल्या, आणि चिकोंडीबाईंचा निष्कर्षही गेला. मी शेरा लिहिला, नोंदी बनावट असल्याचा संशय. त्या एका शेऱ्यावर दुसऱ्या वर्षाची त्यांची जागा जाणार होती.

त्यांनी मेल केला होता. या रुग्णांना आपली जन्मतारीख माहीत नाही, फक्त अंदाजे साल माहीत आहे, म्हणून आमचा कारकून वर्षाच्या मधली तारीख टाकतो, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. मी तो वाचला आणि म्हणालो, सबब.

बंधू-भगिनींनो, हे मी म्हणालो. एक जूनला जन्मलेला मी!

हर्षिता त्याच आठवड्यात रविवारी दुपारी लॅपटॉप घेऊन घरी आली. माझ्याशी वाद घातला नाही. सरळ आईजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, "आजी, तुमचा रिअल बर्थडे कधी आहे?"

आई म्हणाली, "खरा? तो कोणाले ठाऊक, बाई. माय सांगे, बाजाराचा दिवस होता."

"मग फर्स्ट जून?"

"तो मास्तरनं टाकला. मास्तरले काहीतरी लिहायचंच होतं ना."

मग हर्षिता माझ्याकडे वळली. "काका, मी तुमचा रूल आपल्या मंडळाच्या सीनियर्सच्या लिस्टवर रन केला. चौसष्टपैकी तेवीस गेले. शंकररावकाका गेले, आजी गेली, तुम्ही पण गेलात." आजी गेली हे आजीच्या तोंडावर! मी तिला दटावणार, तेवढ्यात ती हळूच म्हणाली, "यू डिलिटेड आजी, काका."

आईने विचारलं, "काय म्हणते पोरगी?"

मी म्हणालो, "तुला काढून टाकलं म्हणते."

"कुठून?"

मी हर्षिताचा लॅपटॉप ओढला आणि चिकोंडीबाईंचा मेल पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला.

आपल्याला काय वेगळं सांगायचं? आपल्या माणसांची तारीखच काय, कित्येकांची नावंसुद्धा दुसऱ्यांनी त्यांना हवी तशी वहीत लिहिली. आपण खरं सांगितलं तरी समोरचा आधी संशयाने बघायचा. माझ्या बापाने आयुष्यभर ती नजर सोसली. त्याचा मी मुलगा, चांगल्या खुर्चीत बसलो, आणि समुद्रापलीकडच्या एका बाईने खरं सांगितलं तेव्हा मी तिच्याकडे तसंच बघितलं. मला त्याची लाज वाटते. आकडे चुकल्याची नाही, ते रोज चुकतात.

दुसऱ्या दिवशी मी अहवाल बदलला. चिकोंडीबाईंची जागा राहिली. त्यांच्या दवाखान्याने गोळ्यांचा दिवस गाडीच्या दिवसाला आणला. आज त्या स्वतः त्या अभ्यासक्रमात शिकवतात, आणि नव्या विद्यार्थ्यांचा पहिला तास त्यांचा असतो. त्या तासाला त्या फक्त एवढंच सांगतात की, तारीख बघण्याआधी ती कुणी लिहिली ते विचारा. आता हर्षिता इथली चांगली नोकरी सोडून दोन वर्षांसाठी तिकडे, मलावीतल्या झोंबाला, त्यांच्याबरोबर काम करायला चालली आहे. प्रफुल्लला अभिमान आहे आणि अपर्णावहिनींना मच्छरदाणीची काळजी आहे. वहिनी, तीन मच्छरदाण्या पुरेत.

गोष्ट इथे संपली असती तर मी सुखाने खाली बसलो असतो. पण अहवाल बदलताना मी काय लिहिलं होतं ठाऊक आहे? 'तांत्रिक कारणास्तव नोंदी पुन्हा समाविष्ट.' तांत्रिक! त्यात ना माझं नाव होतं, ना माझी चूक. मागच्या आठवड्यात मी हर्षिताला विचारलं, तिकडे काय पाठवू, चिवडा देऊ का? ती म्हणाली, "चिवडा तर द्याच. पण काका, चिकोंडी स्टिल आस्क्स मी, कुणाला वाटलं होतं मी ते सगळं मेक अप केलं? मी नाव नाही सांगितलं."

दोन वर्षं या मुलीने माझी लाज राखली. मी मात्र त्या बाईची राखली नव्हती.

म्हणून ते नाव आज सगळ्यांसमोर मीच सांगितलं. हे पाकीट बघा, यात माझं पत्र आहे, सहीसकट. खाली माझी जन्मतारीखही लिहिली आहे, आणि ती कुणी टाकली तेही लिहिलंय. हर्षिता, हे चिवड्याच्या पिशवीत नको टाकूस, हातात नेऊन दे.

अध्यक्षांनी घंटीकडे हात नेलाय, तेव्हा आवरतो. संयोजकांचे, हॉल देणाऱ्या लायब्ररीचे, आणि एवढा वेळ शांत बसलेल्या मुलांचे आभार. मावशी-काकूंनी सकाळपासून मागच्या खोलीत जे काही केलंय त्याचा वास इथपर्यंत येतोय, त्यांचे तर विशेष आभार. भाषणाच्या शेवटी आपण सगळेच म्हणतो की काही उणं-अधिक बोललो असेन तर माफ करा. कुणाची माफी मागतोय ते मात्र कधी सांगत नाही. आज मी नावानिशी मागतो. त्यांच्या चिचेवा भाषेत आभाराला झिकोमो म्हणतात, आणि माफीला पेपानी. हर्षिताने आठवडाभर माझ्याकडून घोकून घेतलंय.

झिकोमो, हर्षिता.

पेपानी, चिकोंडीबाई. तुम्ही खरं सांगत होता.

जय भीम.