फेहिमकाकांच्या दाराबाहेर

हॅलो? … झिनेताताई? मर्सिहा बोलतेय. … फेहिमकाका हो म्हणाले! … हो, हो, दवाखान्यात यायला! आत्ता!

… नाही हो, ताप वगैरे नाही, पूर्ण शुद्धीत म्हणाले. … अहो ताई, ऐका तर!

… जिन्यात उभी आहे, त्यांच्या दाराबाहेर. 'कपडे बदलतो, बाहेर थांब' म्हणाले.

… माहीत आहे. डॉक्टरांनी आज संध्याकाळपर्यंतचीच मुदत दिलीय. पायाचा काळेपणा आणखी वर चढला, तर पाय गुडघ्यापासून कापावा लागेल. म्हणून तर धावत आले.

… काय केलं? मी त्यांची कॉफी प्यायले! … हसू नका! आधी चार वेळा आले आणि चारही वेळा त्यांच्या कॉफीला 'नको' म्हटलं. लाभार्थ्याकडून काही घ्यायचं नाही, हा नियम आपल्या समाजसेवा केंद्राचाच ना? … पण आपल्या बोस्नियात, त्यातून त्राव्निकमध्ये, माणसाची कॉफी नाकारायची आणि वर त्याला 'पाय दाखवा' म्हणायचं! माझ्या आईनेसुद्धा मला हाकलून दिलं असतं. … विद्यापीठात गेले आणि घरचं विसरले, दुसरं काय!

… आज फाईल पिशवीतून काढलीच नाही. साखरेचा खडा बुडवला, एक घोट घेतला आणि गप्प बसले. … हो, मी! मी गप्प बसले! पहिला कप संपला, दुसरा त्यांनी न विचारता भरला. … तेच तर! आपल्याकडे पहिला कप पाहुणचाराचा, दुसरा बोलण्याचा. मग काका आपणहून बोलायला लागले.

… त्यांच्या बायकोबद्दल, रझियाकाकूंबद्दल. त्या स्वतःच्या पायांनी दवाखान्यात गेल्या होत्या आणि चौथ्या दिवशी… हो. … नाही, 'घाबरू नका' म्हटलं नाही. जिभेवर आलं होतं, गिळलं. एवढंच म्हटलं, 'म्हणजे तिथून परत येता येत नाही, असं तुम्हाला वाटतं.' … त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, 'वाटत नाही पोरी, पाहिलंय मी.'

… मग विचारलं, 'काय झालं तर याल?' … 'मला न सांगता कुणी सुरी लावायची नाही, आणि तू खोलीबाहेर जायचं नाहीस.' … छे! पाय वाचेल असं वचन मी कशी देईन? त्यांच्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला, ते दोन्हींना हो म्हणाले, तेवढंच वचन दिलं.

… गाडी खाली उभी आहे. … दार? बंदच आहे. आतून कडी लावलीय. … बारा मिनिटं. … मघाशी नळाचा आवाज होता. आता तोही नाही.

… नको, पोलीस नको! दार तोडलं तर सगळंच संपलं. … वाजवतही नाही. पुन्हा पुन्हा विचारलं, की माणूस नाही म्हणायला मोकळा होतो. … बरं, आणखी तीन मिनिटं, मग हाक मारते.

… थांबा. कडी!

… आले! ताई, सूट घातलाय! दाढी केलीय! … झिनेताताई आहेत, काका. … म्हणतायत, 'त्या बाईंना सांग, तुमची पोरगी आज माणसासारखी वागली.' … हसताय काय!

… एक मिनिट. ते पायरीवर बसतायत. … काय झालं, काका? … ताई, पायावरचं फडकं सोडतायत. चार भेटींत वरची चादरसुद्धा सरकू दिली नव्हती यांनी…

… 'बूट जात नाही पोरी, तू बघ जरा.'

… पाय पुढे केलाय, ताई. स्वतःहून.

… ठेवते. दोन्ही हात लागतील.