जसिंताच्या टाचा

सांगायचं नव्हतं मला, डॉक्टर दीदी — गळ्यातल्या क्रॉसची शपथ घातलीय जसिंतानं — पण तुम्हीच विचारलंत ना, ती सात नंबरची चवड्यांवर का पळते म्हणून. ती माझी धाकटी बहीण, अकरा वर्षांची, आणि ती काही स्टाइल नाही हो, टाचा दुखतात तिच्या. दोन्ही. सकाळी खाटेवरून उतरली की भिंत धरून चालते, आईसमोर मात्र नाचत जाते. आणि गंमत सांगू? आमच्या हॉकीच्या कोच सरांना वाटलं, हे काहीतरी नवीन तंत्र आहे — "बघा जसिंताकडे, हरणासारखी पळते! टाच टेकवेल तिची खैर नाही!" — आता अकराच्या अकरा जणी चवड्यांवर, बघा ना, गोलकीपरसुद्धा! हसू नका, सर बघतील.

आत्या म्हणते, गेल्या वर्षीचा बोकड बाधला. म्हणजे — स्पर्धा जिंकली की बोकड मिळतो ना, तो बघा, यंदाचा मोहाच्या झाडाला बांधलाय — आणि शेवटचा गोल करणारीला रश्श्यातले पाय. जसिंतानं चारही एकटीनं चोखले, मला वासही घेऊ दिला नाही. म्हणून बोकड आता तिच्या टाचा मागतोय म्हणे. तसं नसतं ना? काय — टाचेचं हाड वाढतंय? आणि मागची शीर ताणते? म्हणजे नुसती उंच होतेय ती? मग लंगडी नाही ना होणार? नक्की? दोन महिने मी चर्चमध्ये दुसरं काही मागितलं नाही, दीदी.

विश्रांती? आजपासून? आज फायनल आहे, अर्धा खेळ बाकी आहे! नाही, दुसरी कुणी नाही — म्हणजे आहे. राखीव एकच. मी. पण लोक बघायला लागले की माझ्या हातातून स्टिक सुटते. म्हणून तर गप्प — म्हणजे, शपथ होती म्हणूनच गप्प, पण थोडं — थोडं नाही, बरंच — माझ्यासाठीपण. रोज मीच तिच्या टाचांना आईच्या साडीची पट्टी बांधते आणि म्हणते, आजचा दिवस खेळ. मोठी बहीण ना मी.

उठलात का? सरांकडे नका जाऊ, दीदी! निदान माझं नाव — अगबाई, इथूनच खूण केलीत? सरांनी बोलावलंसुद्धा तिला बाहेर. बसली बघा, टाचा धरून. रडते की काय? छे, जीभ दाखवतेय मला. — हो सर! मी? आत्ता? — आले, आले — दीदी, एवढंच सांगा पटकन, मी टाचा टेकवून पळले तर चाले—